महिन्याचं सामान पणजीच्या मोठ्या स्टोअरमधून भरावं की गावच्या पसरकाराकडून, म्हणजे किराणा दुकानदाराकडून?

माशेलात लग्न होऊन आलेल्या कोल्हापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरात चार माणसं, नवरा म्हणतो महिन्यातून एकदा पणजी-पर्वरीला जाऊ आणि मोठ्या स्टोअरमधून सगळं एकदम भरून आणू, सासरे म्हणतात गावातल्या पसरकाराकडे आपलं खातं माझ्या बापाच्या काळापासून आहे, ते मोडायचं नाही. ताईंना तीन गोष्टी जाणून घ्यायच्यात. खरंच स्वस्त कुठे पडतं? तोच साबण पसरकार छापील किमतीला देतो आणि स्टोअरवाले पंधरा टक्के कमी करून देतात, म्हणजे पसरकार लुटतोय का? आणि लोकल दुकानातून घेतलं की पैसा गोव्यातच राहतो हे खरं, का नुसतं म्हणायला बरं वाटतं म्हणून?

मी फोंड्यात एजन्सी चालवतो, बिस्किटं, साबण, मसाले, तेल असला माल. माझी गाडी साखळी-डिचोलीपासून शिरोडा-सावर्ड्यापर्यंतच्या दुकानांत फिरते आणि तोच माल मी मोठ्या चेनच्या स्टोअरलाही टाकतो, त्यामुळे दोन्हीकडची बिलं माझ्या एकाच कॉम्प्युटरवर आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, दुकान ठरवायच्या भानगडीत पडू नका, जिन्नस ठरवा. कुठला जिन्नस कुठून, एवढं एकदा पक्कं केलं की नवरा पण खुश, सासरे पण खुश, आणि पैसेही वाचतात.

आधी लुटायचं बघू कारण ते मला जास्त झोंबलं. शंभर रुपये छापील किंमत असलेला पुडा घ्या. त्यातले चार-पाच रुपये मला मिळतात, त्यात माझी गाडी, ड्रायव्हर, गोडाऊन, सेल्समन सगळं आलं. पसरकाराला साधारण आठ ते बारा रुपये सुटतात, वस्तू आणि कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे त्याची स्वतःची खरेदीच नव्वदच्या आसपास पडते. आता स्टोअरवाला तोच पुडा पंच्याऐंशीला लावतो. पसरकाराने पंच्याऐंशीला द्यायचं तर घरातून पाच रुपये घालावे लागतील. गंमत म्हणजे काही हुशार पसरकार ऑफर लागली की स्वतःच स्टोअरमध्ये जाऊन ट्रॉली भरून माल आणतात आणि दुकानात विकतात, कारण त्यांना तो माझ्यापेक्षा स्वस्त पडतो. मला राग येतो पण मी त्यांना काय बोलणार, त्यांच्या जागी मी असतो तर मीपण तेच केलं असतं.

मग चेनवाल्याला कुठून परवडतं? जादू काही नाही. कंपनी त्याला मार्जिनच मुळात जास्त देते, पसरकाराच्या जवळपास दीडपट-दुप्पट, वर शेल्फवर नजरेच्या उंचीला जागा पाहिजे तर भाडं, रांगेच्या टोकाला रचून ठेवायचं तर वेगळे पैसे, नवीन माल दुकानात घ्यायचा तर लिस्टिंग फी, आणि ते दोनावर एक फ्री असतं ना ते बहुतेक वेळा कंपनीच्याच खिशातून असतं. म्हणजे तुम्हाला मिळालेली सूट ही स्टोअरची दानत नव्हे आणि पसरकाराचं एमआरपी म्हणजे त्याची हाव नव्हे, दोघांना माल मिळतो तोच वेगवेगळ्या भावाने. यावरून २०२१ च्या शेवटी आमच्या वितरकांच्या देशपातळीवरच्या फेडरेशनने कंपन्यांशी चांगलंच भांडण काढलं होतं, आणि जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका मोठ्या टूथपेस्ट कंपनीचा काही माल उचलायचाच बंद केला होता. मिटवामिटवी झाली, पण भावातला फरक आजही आहे.

आणि पैसे द्यायची पद्धत बघा. पसरकार मला आठ-पंधरा दिवसांत देतो, पुष्कळ जण तर गाडी दारात उभी असतानाच गल्ल्यातून मोजून देतात. चेनकडून पंचेचाळीस-साठ दिवस धरून चालायचं, त्यातही बिलापेक्षा कमीच येतात, कारण मधे डेबिट नोटा येतात, अमुक पेटी फुटली, तमुक ऑर्डर पूर्ण आली नाही म्हणून दंड, एक्सपायरीचा माल परत. तुमचा माल विकून तुम्ही रोख पैसे दिलेत, ते पैसे महिना-दीड महिना त्यांच्याकडे फिरतात आणि मग माझ्याकडे येतात. त्यांचा अर्धा धंदा यावरच चालतो असं मला वाटतं. बिग बझारची फ्यूचर रिटेल २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा देशभरच्या पुरवठादारांचे पैसे अडकले ते याच उधारीमुळे.

आता स्वस्त कुठे. स्टोअरमध्ये गेल्यावर आपण कशाचा भाव बघतो? साखर, तूरडाळ, तेल, आटा. या चार-पाच गोष्टींचे भाव प्रत्येक गृहिणीला पाठ असतात, म्हणून तेवढेच खाली पाडलेले असतात, कधीकधी तर तोट्यात. जिऱ्याचा भाव शंभर ग्रॅमला काय, हिंगाची डबी किती, पोहे, रवा, खोबरं, काजू, फरशी पुसायचं लिक्विड, याचे भाव कुणाच्या तोंडावर नसतात, आणि वसुली तिथे होते. म्हणून बिलाचा टोटल बघून स्टोअर स्वस्त की महाग हे कळतच नाही. एकदा घरी बसून दोन्हीकडच्या बिलांतले वीस-पंचवीस जिन्नस समोरासमोर लिहून काढा, कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचंय.

हे करताना पुड्यावरचं वजन वाचा, नुसती किंमत नको. चेनसाठी कंपन्या मुद्दाम वेगळ्या साईझचे पॅक काढतात म्हणजे गावातल्या दुकानाशी सरळ तुलना होऊच नये. तेलाचं तर विचारूच नका. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, बाजारात पिशव्या ८५० मिलीच्या पण आहेत आणि ८०० ग्रॅमच्या पण, शेजारी शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. आता पॅकेटवर युनिट सेल प्राइस छापावी लागते, म्हणजे ग्रॅमला किंवा मिलीला किती पैसे ते, बारीक अक्षरात कोपऱ्यात असतं पण असतं. तो एक आकडा वाचायची सवय लागली की फॅमिली पॅक, सुपर सेव्हर, जंबो असल्या नावांना आपण भुलत नाही, कितीदा तरी छोटा पॅकच स्वस्त निघतो.

मग प्रवास. माशेलहून पर्वरीपर्यंत जाऊन यायचं तर पस्तीस-चाळीस किलोमीटर धरा, गाडीला अडीच लिटर पेट्रोल, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे रुपये. समजा ब्रँडेड सामान सहा हजारांचं घेतलंत आणि सरासरी आठ टक्के वाचले तर वाचले चारशे ऐंशी. पेट्रोल गेलं, उरले अडीचशेच्या आसपास. त्यात पोरांना पॉपकॉर्न आणि यादीत नसलेल्या दोन वस्तू आल्या की हिशोब उलटा फिरला. पण नवऱ्याची नोकरीच पणजीला असेल आणि येताजाता गाडी थांबवून आणणार असेल तर पेट्रोल धरायचं कारण नाही, तेव्हा ते चारशे ऐंशी खरेच वाचले. एकाच प्रश्नाची दोन घरांत दोन उत्तरं का येतात ते यावरून कळेल. थैली घरून न्या, नाहीतर स्टोअरच्या नावाची पिशवी आपल्यालाच विकत घ्यावी लागते, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये याबद्दल एका मोठ्या चेनला फटकारलं तरी काउंटरवर अजून विचारतातच.

कोल्हापूरच्या माणसाला गोव्यात एक गोष्ट नवीन असते ती म्हणजे इथली पावसाळी हवा. जून ते सप्टेंबर पाच किलो रवा, पाच किलो बेसन, दहा किलो आटा ऑफरमध्ये आहे म्हणून आणून ठेवलात तर श्रावण संपेपर्यंत अर्ध्याला कीड आणि जाळी लागलेली असते. तुमच्याकडे त्यामानाने कोरड्या हवेत जे सहज टिकतं ते इथे टिकत नाही. पावसाळ्यात पीठ-रवा-बेसन पसरकाराकडून आठवड्याला किलो-अर्धा किलो, बस. भाव किलोमागे चार रुपये जास्त पडला तरी फेकायला लागत नाही म्हणून तोच स्वस्त. वर्षभराची मिरची, चिंच, सोलां (आमसुलं), सुकी मासळी, कांदे हे पावसाआधी, मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, भरायचं. ती खरेदी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाहीतर मडगावला पुरुमेंताच्या फेस्ताला (जत्रेला) होते, कुठल्या स्टोअरमध्ये नाही. हरमलची मिरची, खोल्याची मिरची बाईच्या टोपलीतून हातात घेऊन, देठ मोडून बघून घ्यायची असते, प्लास्टिकमधून काय कळणार.

पसरकाराकडे काय घ्यायचं नाही तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एजन्सीवाला, त्यांचीच बाजू घेणार. बटर, चीज, पनीर, आईस्क्रीम, फ्रोजन काहीही, जिथे जनरेटर आहे तिथून घ्या. गावातल्या दुकानात लाईट तासभर गेली की फ्रीजर घाम सोडतो, आणि काही जण तर रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच पाडून जातात, वीजबिल वाचावं म्हणून. सकाळी परत सगळं गोठतं आणि दिसायला ठीक असतं. आईस्क्रीमच्या कपाच्या कडेला बर्फाचे खडे जमलेले दिसले, पॅकचा आकार बिघडलेला दिसला तर समजायचं एकदा वितळून परत गोठलंय. दुसरं म्हणजे कमी खपाच्या वस्तू. गावात ओट्स, पास्ता, कसले कसले सॉस महिन्याला दोन-तीन खपतात, तारीख बघितल्याशिवाय उचलू नका. चांगला पसरकार तारीख उलटलेला पुडा घेऊन गेलात तर एक शब्द न बोलता बदलून देतो, आणि जो वाद घालतो त्याच्याकडे परत जायचं नाही, इतकं सोपं. तिसरं, काटा. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वजन-माप खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, सर्टिफिकेट दुकानात लावलेलं असतं. नसेल तर डाळी तिथे सुट्या घेऊ नका.

किनाऱ्याकडच्या पट्ट्यात कळंगुट-बागा बाजूला थंड बाटलीवर कूलिंग चार्ज म्हणून पाच-दहा रुपये वर घेतात ती मात्र सरळसरळ लूट आहे, दुकानाला छापील किमतीच्या वर घेता येतच नाही. तिथे १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावा.

सुटा माल ही पसरकाराची ताकद. डाळी, कडधान्य, गूळ, शेंगदाणे, पोहे, खडा मसाला, तो बेळगाव-कोल्हापूरच्या घाऊक बाजारातून आणतो, त्यावर ना पॅकिंग, ना जाहिरात, ना एसीचं बिल. स्टोअरची स्वतःच्या नावाची डाळ बहुतेक वेळा याच दर्जाची असते, पिशवी तेवढी सुंदर असते. उकडे तांदूळ तर डोळे मिटून इथलेच घ्या, स्टोअरमध्ये मिळतात ते बरेचदा बाहेरचे, आणि सासऱ्यांना पेज कुठल्या तांदळाची ते पहिल्या घोटात कळेल. चहाला पंचवीस ग्रॅम वेलची, अर्धा नारळ, दोन अंडी, एक लिंबू ही विक्री फक्त तिथेच होते.

बरं, तुम्ही प्रश्नात दोनच पर्याय धरलेत, पण माशेलला राहून तिसरा विसरलात कशा? बाणस्तारीचा गुरुवारचा बाजार तुमच्या दारात आहे. भाजी, मासळी, केळी, फुलं तिथे. पण तिथेही डोळे उघडे ठेवा, बाजारात बसलेली सगळी भाजी गोव्याची नसते, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, मिरची हे बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने येतं, पसरकाराकडेही तेच, स्टोअरमध्येही तेच, आणि फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरची यातली बरीचशी भाजीसुद्धा तिकडचीच, तिथे सबसिडीमुळे भाव कमी असतो एवढंच. म्हणून बेळगावची भाजी घ्यायची तर महामंडळाच्या गाड्यावर घ्या, तिथे स्वस्त पडते. आणि बाजाराच्या कडेला जमिनीवर पोतं अंथरून ज्या बायका बसतात, समोर तांबड्या भाजीच्या (लाल माठाच्या) जुड्या, चार वाटे भेंड्यांचे, एक पाटी वांगी, दोन-चार गावठी काकड्या एवढाच माल, ती खरी गावची भाजी. सगळ्यांकडे एकच एक जिन्नस ढिगाने असेल तर ट्रकमधून आलाय, आणि थोडा थोडा, वेड्यावाकड्या आकाराचा, मुळाला माती असेल तर परसातला. तिथे दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, ती बाई पहाटेची उठून आलेली असते.

नारळ, सुपारी, काजू, मिरी यासाठी बागायतदार. फोंड्याची गोवा बागायतदार संस्था ही सहकारी आहे, बागायतदारांचा माल विकत घेते आणि तिच्या बाजारात किराणाही मिळतो. भाव बघितलात तर ब्रँडेड मालातसुद्धा ती पसरकार आणि चेन यांच्या मधे कुठेतरी बसते. आणि गोव्यात सुपरमार्केट म्हटलं की बाहेरची कंपनीच असं नाही, मॅगसन, डेल्फिनो ही इथलीच नावं आहेत. म्हणून लोकल विरुद्ध चेन असं सरळ दोन रकान्यांत मांडता येत नाही आपल्याकडे.

यातूनच तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, पैसा गोव्यात राहतो का. लोक म्हणतात चेनमधून घेतलं की टॅक्स बाहेर जातो. नाही जात. जीएसटी माल जिथे वापरला जातो तिथल्या राज्याला मिळतो, पर्वरीच्या स्टोअरने गोव्यात विकलेल्या साबणावरचा राज्याचा वाटा गोव्यालाच येतो, पसरकाराने विकला असता तरी गोव्यालाच आला असता. बाहेर जातो तो नफा. आणि स्टोअरमधली पोरंपोरी इथलीच असतात, पगार इथेच खर्च होतात, जागेचं भाडं इथल्याच माणसाला जातं. उलट बाजूने बघा, पसरकाराकडून शंभर रुपयांची कंपनीची साबणवडी घेतलीत तर त्याचे आठ-बारा, माझे चार-पाच आणि टॅक्समधला राज्याचा वाटा राहिला गोव्यात, बाकीचे मुंबईला गेलेच. म्हणजे पसरकाराचा साबण काही गोव्याचा होत नाही.

पण पोदेराची (पाववाल्याची) पोळी, बाणस्तारीची तांबडी भाजी, गावच्या गिरणीवरचे उकडे, शेजारच्या वाड्यावरची सोलां, महिला मंडळाचे पापड-लोणचं, खाजें, याचे शंभरातले बरेचसे इथेच राहतात. म्हणून गोव्यात पैसा ठेवायचा असेल तर दुकान गोव्याचं आहे का हे कमी महत्त्वाचं, जिन्नस गोव्याचा आहे का हे जास्त. आणि इथे लोकल दुकानदारही फसवतात बरं का. पर्यटकांच्या रस्त्यावरच्या दुकानांत गोव्याचे काजू म्हणून जे रंगीत डबे रचलेले असतात त्यातले पुष्कळ आफ्रिकेतून आलेल्या बियांचे असतात, दुकानदार मात्र शंभर टक्के गोंयकार. गोव्याच्या काजूला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तो लोगो बघा किंवा ओळखीच्या कारखान्यातून घ्या.

गावातल्या छोट्या उत्पादकांनी चेनला माल द्यावा का हेही मला लोक विचारतात, एक वाक्यात सांगतो, द्या पण उद्यम (सरकारची छोट्या उद्योगांची) नोंदणी करून द्या, कारण सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात आणि आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे उशीर केला तर त्या खर्चाची वजावट कंपनीला त्या वर्षी मिळत नाही. आम्ही नुसते ट्रेडर, आम्हाला ती सवलत नाही, लोणचंवाल्या बाईला आहे.

आता खात्याचं. सासऱ्यांचं म्हणणं नुसत्या जुन्या माणसाचा हट्ट समजू नका. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी साखळी, डिचोली, सावर्डे, कुडचडे या सगळ्या पट्ट्यात माल देत होतो. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते चालू, पगार बंद. त्या महिन्यांत त्या भागातले पसरकार माझ्याकडून कमी माल उचलायला लागले, तोही तांदूळ, तेल, डाळ, साबण एवढाच, बिस्किटं-चॉकलेटं बंद. पण वहीवर लिहायचं त्यांनी बंद केलं नाही. एका दुकानात मी स्वतः बघितलं, लाल कापडी बांधणीची लांब वही, एकेका घराला एक पान, पान भरलं की खाली बेरीज मारून पुढच्या पानावर नाव, आणि काही नावं चार-चार पानं पुढे गेलेली. मी म्हटलं हे कधी वसूल होणार, तो म्हणाला, आज नाही म्हटलं तर उद्या खाण चालू झाल्यावर कुठल्या तोंडाने बोलावू. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर खाणी परत बंद पडल्या तेव्हा परत तेच. त्यातले काही पैसे बुडाले, एक-दोन दुकानंही कायमची बंद झाली. स्टोअरची बिलं नीट असतात, एसी थंड असतो, पण तिथे खिशात पैसे नसताना काही मिळत नाही, क्रेडिट कार्ड असेल तर मिळतं आणि मग व्याज भरायचं.

पण खातं म्हणजे उपकार नव्हे हेही खरं, वसुलीच्या जोखमीचा खर्च तो कुठेतरी सुट्या मालाच्या भावात धरतोच, तुम्ही रोख देणारे असाल तर दुसऱ्याच्या उधारीचा थोडा भार तुमच्यावरही येतो. त्यामुळे खातं ठेवा, पण महिन्याच्या पाच तारखेच्या आत पूर्ण मिटवा, आणि वेळेवर मिटवणाऱ्या गिऱ्हाईकाने भाव विचारायला अजिबात लाजू नये. 'सगळी डाळ-साखर तुमच्याकडूनच घेते, किलोला काय कमी कराल' एवढं म्हटलंत तरी दोन-तीन रुपये सुटतात, कारण रोखीचं पक्कं गिऱ्हाईक त्यालाही हवंच असतं. आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकली की पोरगा घरपोच आणून देतो, त्याचे वेगळे पैसे मी तरी कुणाला घेताना बघितले नाहीत.

आणि एक हिशोब गिऱ्हाईकांना कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पसरकाराला दुधाच्या पिशवीवर रुपया-दीड रुपया सुटतो, त्यातच फ्रीजची वीज. अंडी, पाव, रिचार्ज, सगळं असंच. त्याचं घर चालतं ते सुट्या मालावर, मसाल्यावर आणि थोडंफार साबण-तेलावर. तुम्ही कमाईचा सगळा माल पर्वरीहून आणलात आणि त्याच्याकडे फक्त रात्री साडेनऊला दूध, कोथिंबीर, मेणबत्ती घ्यायला गेलात, असं गावातल्या प्रत्येक घराने केलं, तर दोन-तीन वर्षांत तिथे शटर पडतं. माझ्या लाईनवर अशी किती तरी दुकानं गेली, पोरगं नोकरीला लागलं की बाप जागा भाड्याने देतो, मोबाईलवाला येतो. मग रात्री साडेनऊच्या दुधाला बाणस्तारीला जा. दया म्हणून नव्हे, आपल्याच सोयीसाठी म्हणतोय मी.

तर तुमच्या घरासाठी मी असं लावून दिलं असतं. शाम्पू, टूथपेस्ट, कपड्याची पावडर, डायपर, सॅनिटरी पॅड, भांड्याचं लिक्विड, म्हणजे जे खराब होत नाही, ब्रँड तोच आणि सूट मोठी, ते नवऱ्याने दोन महिन्यांतून एकदा पणजीहून येताना आणावं, यादी घेऊन, पोरांना न घेता. बटर-चीज-फ्रोजन तिथूनच. डाळी, कडधान्य, तांदूळ, पीठ, मसाला, गूळ, साखर पसरकाराकडून खात्यावर. साखर स्टोअरमध्ये तीन रुपये स्वस्त असेल, असू दे. भाजी-मासळी बाणस्तारीला, नारळ-काजू बागायतदारमध्ये. फ्रीज, वॉशिंग मशीन घ्यायचं झालं तर किमतीआधी दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो ते विचारा, इथल्या खाऱ्या दमट हवेत बोर्ड लवकर जातात, आणि फोन केला की दुसऱ्या दिवशी हजर होतो तो बहुतेक वेळा फोंड्याचा जुना डीलरच.

चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, वेगळंच. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान, कांगलां, घागऱ्या, आंबाडे, मावळिंगं, तवशी, चिबूड, सुपारीचे घोस, हे रानातून आणि कुळागरातून (सुपारी-नारळाच्या बागेतून) येतं, बायका-पुरुष आदल्या दोन-तीन दिवसांत माशेल, फोंडा, म्हापसा, पणजीच्या बाजारात घेऊन बसतात. पहिल्या दिवशी भाव चढा असतो पण माल ताजा, आदल्या संध्याकाळी भाव पडतो पण चांगलं संपलेलं असतं. मधला दिवस धरा, सकाळी लवकर.

ताईंनी शेवटी लिहिलंय की पसरकार बिल देत नाही, म्हणून संशय येतो. ते असं आहे, वर्षाला दीड कोटीच्या आत धंदा असलेला दुकानदार जीएसटीची कंपोझिशन स्कीम घेऊ शकतो, तो उलाढालीवर एक टक्का स्वतःच्या खिशातून भरतो आणि गिऱ्हाईकाकडून टॅक्स वेगळा घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या बिलावर जीएसटीचा रकानाच नसतो. चाळीस लाखांच्या आत असेल तर मालाच्या धंद्यात नोंदणीच सक्तीची नाही. दोन्हीत लबाडी काही नाही. याचा फटका त्यालाच बसतो कधीकधी, २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आलं तेव्हा स्टोअरच्या कॉम्प्युटरमध्ये रातोरात भाव बदलले, पण या छोट्या दुकानदाराने शेल्फवरचा माल अठरा टक्के भरून घेतलेला होता आणि त्याला त्या भरलेल्या टॅक्सची वजावट मिळत नाही, कंपनीकडून भरपाई येईपर्यंत तो जुन्याच भावाला चिकटून होता आणि लोक त्याला चोर म्हणत होते. आता बहुतेक जुना माल संपलाय, तरी पुड्यावर जुनी किंमत दिसली तर विचारा. बिल मात्र मागा, साध्या कागदावर असलं तरी चालेल, दोनशेच्या वरची खरेदी असेल आणि दुकान नोंदणीकृत असेल तर त्याने द्यायलाच पाहिजे, आणि खात्याच्या वहीत त्याने लिहिलं की तुमच्याकडच्या छोट्या वहीतही त्याच वेळी त्याच्याच हाताने लिहून घ्या.